वाल पेरायच्या आधीची सर्कस

माझी बायको मालती गेली तो सोमवार होता. शाळा भरली होती. मी वर्गात नकाशा टांगत होतो. आमच्या घरी कामाला येणारी सखू शाळेच्या पायरीपर्यंत आली आणि थांबली. तिने हाक मारली नाही. मी नकाशा गुंडाळला, कोपऱ्यात ठेवला आणि तिच्यामागून घरी गेलो.

त्यानंतर काही सुग्या येऊन गेल्या. लढाई संपली, राज्य बदललं, शाळेच्या फाटकावरची पाटी नव्याने रंगवली गेली. सुगी मात्र तशीच येते. आजही कर्जतहून दहिवलीकडे जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही अंगांना भात कापून पडलं आहे. वर्गात निम्मी मुलं नाहीत, ती खळ्यावर असतात. उरलेल्यांच्या केसांत भाताचं कुसळ अडकलेलं असतं आणि ती दिवसभर मान खाजवत बसतात. संध्याकाळी पेंढ्याच्या उडव्यांवर ऊन तिरपं पडतं. या दिवसांत मला लवकर थकवा येतो. काम जास्त असतं म्हणून नव्हे. हवेत कापलेल्या भाताचा वास आला की अंग आपोआप कुणाची तरी वाट पाहायला लागतं, आणि वाट पाहण्याइतकं दमवणारं दुसरं काही मी केलेलं नाही.

माझ्या समोरच्या भिंतीवर एक चित्र आहे. मुंबईला पुस्तकांच्या जुन्या दुकानात मला ते मिळालं होतं. परदेशातल्या कुणा चित्रकाराचं, पाण्याच्या रंगांतलं, जाड कागदावर छापलेलं. मूळ चित्र कुठे असेल कोण जाणे. सर्कशीतली तीन माणसं आहेत. एक बाई उलट्या ठेवलेल्या ढोलावर बसली आहे. तिच्यामागे एक उंच पुरुष उभा आहे, आणि बाजूला एक मुलगी आपल्याच पायाकडे पाहते आहे. कुणीही कसरत करत नाही. खेळ संपला आहे की व्हायचा आहे, तेही कळत नाही. निळा रंग बाईच्या खांद्यावरून ओघळून खाली मातीत मिसळला आहे, पुरुषाच्या कपड्यांचा विटकरी रंग रेषेबाहेर गेला आहे, आणि मागची सगळी जागा कोरी सोडली आहे. चेहऱ्यांवर रंगाचा एकेक हलका हात फिरवला आहे. मी आणलं तेव्हा नाक, तोंड, डोळे काही नव्हतं.

मालतीने ते पाहिलं तेव्हा ती अंथरुणावर होती. त्या पावसाळ्यात तिच्या छातीचं दुखणं उघड झालं होतं. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. पुण्याची नोकरी सोडून आम्ही हवेसाठी कर्जतला आलो होतो. तिने कागद उजेडात धरला, लांब केला, पुन्हा जवळ आणला.

"दमलेत हो हे," ती म्हणाली.

"चित्रकारानं पुरं केलेलं नाही, असं दुकानदार म्हणत होता."

"पुरं करायला तोही दमला असेल." ती हसली. "समोर टांगा. देवांच्या तसबिरी फार ताज्यातवान्या दिसतात. माझ्याकडे बघून त्यांनाच अवघडल्यासारखं होत असेल."

म्हणून मी ते चौकटीत बसवायला नानांकडे दिलं. नाना बाजारात तसबिरी बसवून देत. त्यांचं मूळ काम गणपतीचं. पेणच्या एका कारखान्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती आणि तिथे त्यांच्याकडे फक्त डोळ्यांची आखणी असे. शंभर मूर्ती रंगवून तयार असल्या तरी नाना बसल्याशिवाय एकही देव बघायला लागत नसे, असं लोक सांगत. हात कापायला लागला तेव्हा ते कर्जतला लेकीकडे आले आणि त्यांनी काचा कापायचं दुकान टाकलं.

दिवाळीआधी मी चित्र आणायला गेलो. नानांनी ते कापडात गुंडाळून ठेवलं होतं.

"मास्तर, एक काम न सांगता केलंय," ते म्हणाले. "छापणाऱ्याकडून राहून गेलं होतं. घरात आजारी माणूस, त्याच्यासमोर बिनडोळ्यांचं चित्र टांगू नये. मी आखून दिले. त्याचे काही देऊ नका."

त्यांनी कापड सोडलं. तिन्ही चेहऱ्यांवर डोळे आले होते. कानांकडे ओढलेले, पाकळीसारखे, काळ्या रेघेचे, आत पांढरा ठिपका असलेले गौरीचे डोळे. हात कापणाऱ्या माणसाने एक रेघही हलू दिली नव्हती. त्या ओघळत्या, पुसट शरीरांवर ते डोळे दुसऱ्याच कुणाचे वाटत होते. मी बरं म्हणालो आणि चित्र काखेत मारून घरी आलो. वाटभर मला वाटत होतं की मालतीला वाईट वाटेल.

तिने बराच वेळ पाहिलं. मग ती जी हसायला लागली, ती खोकला येईपर्यंत. मी पाणी दिलं. श्वास जागेवर आल्यावर ती म्हणाली, "राहू द्या. आधी मीच त्यांच्याकडे बघत होते. आता तीही माझ्याकडे बघतील."

त्या दिवसापासून तिला सर्कशीचा ध्यास लागला. तिने कधी सर्कस पाहिलीच नव्हती. माहेरी गावात आली की मुलगे जात, मुली गच्चीवरून बॅंड ऐकत. चित्रातली बाई ढोलावरून उठून पुढे काय करत असेल, मुलगी पायाकडे का बघते आहे, असलं काहीतरी ती मला विचारी. मीही सर्कस पाहिलेली नव्हती. पुस्तकात वाचलेलं सांगत असे आणि ते तिला पटत नसे.

कापणी उरकली आणि सर्कस खरोखरच आली. लढाईत पेट्रोल मिळत नव्हतं. लोधिवली, चौक, खालापूर असे मुक्काम करीत ती बैलगाड्यांनी आली होती आणि पुढे शिळफाट्याला जाऊन घाट चढणार होती. हत्ती नव्हता. वाघ होता, पण म्हातारा. रॉकेल नसल्यामुळे खेळ दुपारीच होत. तंबू ठोकला गेला तो आमच्या घरामागच्या शेतात, धसकटांवर. शेत हुसेनशेठचं. बाजारात त्यांचं भाताचं दुकान होतं आणि जमीन सखूचा नवरा रामा कसायचा. सखू आमच्याकडे धुण्याभांड्याला यायची.

आमच्या भागात भात निघालं की जमिनीत जी ओल राहते तिच्यावर वाल पेरतात. वर पाणी द्यायचं नसतं. असेल त्या ओलीवर बी उगवायचं आणि पुढे थंडीतल्या दवावर वाढायचं. ती ओल, इथल्या बोलीत वल, मोजके दिवस टिकते. हुसेनशेठने सर्कशीला जागा देताना हे ध्यानात ठेवलं होतं. आमच्या अंगणात उभे राहूनच ते सखूला म्हणाले, "जमीन तुझ्या हातात आहे. वल बघून सांग. तू सांगशील त्या दिवशी मी तंबू उठवतो. वाल गेला असं नंतर माझ्याकडे येऊन म्हणायचं नाय."

आणि डॉक्टर मालतीला म्हणाले, "ताप उतरू दे. काही दिवस उतरलेला राहू दे. मग खुर्चीत बसवून तंबूपर्यंत न्यायला माझी हरकत नाही."

त्या सुगीत हे दोन्ही एकाच वेळी चाललं होतं. सकाळी सखू शेतात फिरून, मूठभर माती घेऊन खिडकीशी येई. माती मुठीत दाबायची आणि मूठ उघडायची. गोळा बसला तर वल आहे. फुटला तर गेली. संध्याकाळी मी मालतीच्या जिभेखाली थर्मामीटर ठेवी. सखू दाराशी बसून भांड्यांना राख लावता लावता विचारी, "उतरला का वो?"

"थोडा आहे."

"थोडा असू द्या. माजी बी माती थोडी सुकलीया. दोगींचं बरोबर चाललंय."

"तुझी माती सुकायला नको आणि माझा ताप सुकायला हवा," मालती म्हणे. "देव बरोबर उलटं ऐकतो बघ."

खिडकीतून सर्कशीचं सगळं दिसत असे, फक्त खेळ तेवढा दिसत नसे. तंबूच्या आत काय होई ते आम्हाला बॅंडवरून आणि लोकांच्या ओरडण्यावरून ताडावं लागे. बाहेर चुली पेटत. झुल्यावरचे पुरुष लंगोट्या वाळत घालत. वाघाचा पिंजरा धुणारा माणूस वाघाशी कानडीत भांडे. आणि चंद्रा दिसे. सांगलीकडची, तारेवर चालणारी. खेळाआधी ती चमचमीत पोशाख घालून, वरून जुनेर गुंडाळून तांदूळ निवडत बसलेली असे.

एकदा ती पाणी मागायला खिडकीपाशी आली. मालतीने हात वर करून तिला लांबच थांबवलं.

"जवळ येऊ नका. मला खोकला आहे."

"आमच्या वाघालाबी हाय," चंद्रा म्हणाली आणि होती तिथेच ऐसपैस उभी राहिली.

मालतीने तिला निरखून पाहिलं. मग मान वळवून हळूच मला म्हणाली, "हिचे डोळे बारीक आहेत हो."

"काय म्हंत्यात बाई?"

"काही नाही. वरून पडायची भीती नाही वाटत?"

"पडायची न्हाई वाटत. उतरायचा कंटाळा येतो. खाली आलं की चूल हायच." चंद्राने कळशी कमरेवर घेतली. "वर कुनी हाक मारत न्हाई बगा. तेवढंच बरं."

सखू अंगणातून हे ऐकत होती. ती म्हणाली, "अगं बये, आमच्या वैनीला सरकस बघायचीय. मार की हितंच एक कोलांटी. पानी काय फुकट दिलं व्हय तुला?"

चंद्राने खरंच कळशी खाली ठेवली आणि पदर खोचला.

"नको, नको," मालती घाईने म्हणाली. "आत्ता एक खेळ करून आलात ना? बसा जरा."

ती गेल्यावर सखू चिडली. "करीत हुती बिचारी. का नको म्हनलासा?"

"सखू, मला कोलांटी नाही गं बघायची. मला सर्कशीला जायचंय. निळं लुगडं नेसायचं, तिकीट काढायचं, बाकावर बसायचं. शेजारच्या बाईनं म्हटलं पाहिजे, जरा सरका. समजलं?"

 सखूने पेटीतलं निळं लुगडं त्याच दुपारी काढून उन्हात टाकलं.

अजूनही मी त्या वाक्यापाशी थांबतो. आजारी माणसाला काय हवं असतं हे आपण ठरवून टाकतो. पुस्तक वाचून दाखवतो, फळ सोलून देतो, जग उचलून त्याच्या खाटेपाशी आणतो. तिला जग खाटेपाशी नको होतं. कुणीतरी तिला सरका म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. घरात तर आम्ही सगळेच तिच्यापासून सरकून वागत होतो. तिची भांडी वेगळी, टॉवेल वेगळा. मीही रात्री पडवीत निजत असे. ते बरोबरच होतं, डॉक्टरांचं सांगणं होतं. पण बरोबर वागण्याचाही एक शीण असतो आणि तो दोघांच्याही अंगात साठत जातो. चित्रातल्या तिघांकडे पाहताना आता वाटतं, ते कसरतीने दमलेले नसावेत. एकमेकांना सांभाळून, तोल जाऊ न देता रोज जगायचं म्हणजे माणूस असाच बसतो, खांदे सैल सोडून, मधे थोडी जागा ठेवून.

ताप एकदा उतरला. दोन संध्याकाळी नळीतला पारा खाली राहिला. मालती उशीला टेकून बसली, वेणी घालून घेतली. सखू म्हणाली, "आता चार दीस काढा वैनी, मग मी सोता खुर्ची उचलते." तिसऱ्या दिवशी ताप पुन्हा चढला.

आजूबाजूच्या शेतांत नांगर फिरले होते. वाल पेरून झाला होता. रामा येता-जाता बांधावर उभा राहून तंबूकडे बघे आणि काही न बोलता निघून जाई. घरी तो बोलत असणार. एका सकाळी सखूच्या गालावर वळ दिसला. मालतीने विचारलं तर ती म्हणाली, "गुराचं शिंग लागलं."

तरी मातीचा गोळा रोज बसत होता. सखू खिडकीशी येई, मूठ उघडून दाखवी, "अजून वल हाय," म्हणे. मला शेतीतलं कळत नव्हतं. मालती माझ्यासारखीच शहरात वाढलेली. पण पडून राहिलेल्या माणसाला बघण्यावाचून दुसरा उद्योग नसतो.

"इकडे आण," ती एका सकाळी म्हणाली.

"काय?"

"माती. माझ्या हातावर ठेव."

सखूने ठेवली. मालतीने गोळा बोटांनी फोडला. वरून ओला होता, आतून भुकटी. तिच्या तळव्यावरून पाण्याचा एक ओघळ मनगटाकडे आला.

"सखू, ही रांजणातली वल आहे."

 सखू एकदम म्हणाली, "असू द्या की वो. एक साल वाल नाय खाल्ला तर मरतोय का आमी?"

बोलून गेल्यावर तिच्याच ध्यानात आलं आणि तिने तोंडावर पदर घेतला. मालतीने ऐकलं नाही असं दाखवलं. ओल्या मातीचा हात चादरीला पुसला. मी ती चादर पुढे कितीतरी दिवस धुवायला टाकली नाही.

"आज हुसेनशेठना जाऊन सांग," ती म्हणाली. "उद्या नांगर घाला. खोलवर थोडी असेल अजून."

"आन् सरकस?"

"ती चाललीच आहे घाटावर."

"तुमी गेला नाय ते?"

मालतीने डोळे मिटले. "तुझं शेत वाळवून मी बाकावर बसू? मला तिथे नीट बसवेल का गं?"

हुसेनशेठने शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी तंबू उतरला. तो उतरताना पाहण्यासाठी मी मालतीला खुर्चीत बसवून मागच्या दारात नेलं, तेवढं करायला डॉक्टरांना विचारलं नाही. ती निळं लुगडं नेसली नव्हती. कापड हळूहळू जमिनीवर बसलं. मधला खांब एकटा उभा राहिला, मग तोही माणसांनी दोर धरून निजवला. चंद्राने गाडीवरून हात केला. मालतीने अर्धा हात उचलला. गाड्या पळसदरीच्या बाजूला वळल्या आणि धूळ बसेपर्यंत आम्ही तिथे होतो.

रामाने त्याच दिवशी नांगर धरला. भाजीपाल्यासारखी नाजूक नसते वालाची जात, उशीर झाला तरी तो उगवला. विरळ उगवला, पण उगवला. फक्त मधे, जिथे खेळाचं रिंगण होतं, तिथे माणसांच्या आणि घोड्यांच्या पायांनी जमीन अशी दडपली गेली होती की नांगराचा फाळ वरवर घसरला. तेवढ्या जागेत काहीच आलं नाही. हिरव्या शेतात एक मोठं गोल टक्कल.

सखू वैतागून म्हणाली, "सरकस गेली पन जागा सोडंना मेली."

मालतीला ते टक्कल फार आवडलं. खिडकीतून ती त्याच्याकडे तासन्‌तास बघत असे. वालाला फुलं आली तेव्हा तिच्याने मान उचलवत नव्हती. मी तिला शेत कसं दिसतं ते सांगायचो. पांढरं, मधे गोल. ती विचारायची, "अजून आहे ना?" मी आहे म्हणायचो. त्यानंतर तो सोमवार आला.

लोक भेटायला आले तेव्हा कुणी कुणी भिंतीवरच्या चित्रालाच हात जोडले. चौकट आहे, काच आहे, डोळे आहेत, तेव्हा देव असेल किंवा गेलेलं माणूस असेल, असं त्यांना वाटलं. एका म्हाताऱ्या बाईंनी ढोलावरच्या बाईच्या कपाळाला कुंकू लावलं. मी ते पुसलं नाही, आपोआप वाळून पडलं. पुढे नाना गेले. त्यांनी आखलेल्या रेघा तशाच काळ्या आहेत, आणि चित्राचा निळा रंग मात्र खिडकीच्या उजेडाने उडत चालला आहे. आता आधी डोळे दिसतात, आणि मग माणसं.

परवा पळसदरीला सर्कस आल्याचं सखूने सांगितलं. ही दुसरी होती, मोटारींनी आलेली, विजेच्या दिव्यांची. मी वही तपासत होतो.

"चला मास्तर," ती म्हणाली. "मी बी येते. रामा बी येतोय."

"मला कशाला गं?"

"बसून काय करताय? चला."

आम्ही चालत गेलो. दुपारचा खेळ होता. तिकीट काढलं. रामा आणि सखू खाली सतरंजीवर बसले, मला त्यांनी हट्टाने बाकावर बसवलं. घोडे गोल फिरले. एक मुलगी छत्री घेऊन तारेवरून गेली आणि परत आली. विदूषक पडला, लोक हसले, सखू सगळ्यांत मोठ्यांदा हसली. माझ्या शेजारी कडेवर मूल घेतलेली एक बाई येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "जरा सरका वो." मी सरकलो.

परतताना उन्हं कलली होती. वाटेत नुकत्याच कापलेल्या शेतांचा वास येत होता. सखू आणि रामा तारेवरच्या मुलीबद्दल वाद घालत पुढे निघून गेले. मी घरी आलो, कुलूप काढलं, चहा ठेवला.

सर्कस कशी असते ते आता मला ठाऊक आहे. घरात मला ते विचारणारं कुणी नाही.